‘माझं कसलं आलंय चरित्र?’ : आठवणी रेकॉर्ड करणाऱ्यांचे प्रश्न

विणकर, बिडी वळणाऱ्या बायका, पेन्शनीत आलेले जवान, कुंभार, कुळकायद्यात जमीन मिळालेले आणि गेलेलेही शेतकरी, अशा माणसांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात जपून ठेवायचं काम सीमाभागात ठिकठिकाणी सुरू आहे. त्यातून आलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्या घराला लागूनच यंत्रमाग चालतात. आजोबा थकलेत, त्यांना दुसरीकडे नेता येत नाही. मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं चालेल का, की वेगळं मशीन घ्यावं? — शिक्षिका, वडगाव

मोबाइल चालतो. रेकॉर्डिंग बिघडतं ते बहुतेक वेळा फोनमुळे नाही, तो तोंडापासून लांब ठेवल्यामुळे. टेबलाच्या मधोमध ठेवलेल्या फोनमध्ये आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो, आणि लांबून घेतलेला आवाज नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट जवळ आणता येत नाही. फोन आजोबांच्या हनुवटीपासून एक वीत, फार तर दीड वीत अंतरावर हवा. तो तिथे ठेवणं अवघड वाटत असेल तर वायरचा साधा कॉलर माइक घ्या.

कॉलर माइक घेताना पिन बघून घ्या. फोनच्या गोल भोकात चालणाऱ्या माइकच्या पिनेवर तीन काळी वलयं असतात. दोनच वलयं असलेली पिन कॅमेऱ्याची. ती फोनमध्ये घातली तर फोन मुकाट्याने स्वतःच्याच माइकवर रेकॉर्ड करत राहतो आणि घरी आल्यावर लक्षात येतं. नव्या फोनला गोल भोक नसेल तर टाइप-सीचा माइक लागतो. कोणताही असो, लावल्यावर त्याची टोपी नखाने हलकेच खरवडा आणि एक मिनिट रेकॉर्ड करून हेडफोनने ऐका. खरखर मोठी आली तर माइक चालू आहे.

शर्टाला माइक बटणपट्टीवर, हनुवटीखाली एक वीत. साडी असेल तर जरा विचार करावा लागतो. पदर डाव्या खांद्यावरून जातो आणि बोलताना सारखा सावरला जातो, म्हणून माइक ब्लाउजच्या गळ्याच्या उजव्या बाजूला लावायचा. मंगळसूत्र त्यावर घासत नाही ना हे पाहायचं. मण्यांची टकटक आवाजात मिसळली की काढता येत नाही.

आता मागांचं. त्यांचा आवाज हवेतून येतो तसा फरशीतून, भिंतीतूनही चढतो. म्हणून फोन टेबलावर नको. गोधडीची चौघडी करून तिच्यावर ठेवा. घरातली अंथरुणं रचून ठेवलेली, कपड्यांनी भरलेली आतली खोली निवडा. मऊ सामान आवाज शोषून घेतं. रिकाम्या सिमेंटच्या खोलीत शब्द भिंतीवर आपटून परत येतात. शेजाऱ्यांना आधी सांगून माग बंद असतात तो दिवस, नाहीतर वीज जाण्याची ठरलेली वेळ साधा. पत्र्याच्या घरात जून ते सप्टेंबर मुलाखत धरूच नका. आपल्याकडचा पाऊस पत्र्यावर पडायला लागला की काही ऐकू येत नाही.

पंखा बंद. त्यामुळे उन्हाळ्यात दर वीस मिनिटांनी थांबावं लागेल, थांबा. फ्रिजही बंद करायचा, आणि बंद करताना आपल्या घराची किल्ली त्याच्या आत ठेवायची. किल्ली घ्यायला गेल्याशिवाय निघता येत नाही, त्यामुळे फ्रिज परत सुरू करायचा राहत नाही.

फोन विमान मोडवर टाका, नाहीतर मधे आलेल्या फोनने रेकॉर्डिंग तुटतं. ॲपमध्ये वेव्ह (WAV) प्रकार, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो निवडा. तासाला सुमारे ५२० एमबी जागा लागते. २४ बिट नसेल तर १६ बिट चालेल. आवाजाची पट्टी दिसत असेल तर बोलणं जोरात आलं तरी ती उणे १२ डेसिबलच्या आसपास राहावी. शून्याला टेकलेला आवाज फाटतो आणि फाटलेला सांधता येत नाही. व्हॉट्सॲपवर आवाज म्हणून पाठवलेली फाइल मूळ फाइल राहत नाही, ती दाबली जाते. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

उठण्याआधी सगळ्यांनी गप्प बसून अर्धा मिनिट नुसती खोली रेकॉर्ड करा. पुढे कुठे काही कापावं लागलं तर तिथे हीच शांतता जोडता येते. आणि एक : मागांचाही दोन-तीन मिनिटं वेगळा आवाज जवळून घेऊन ठेवा. आजोबांचं आयुष्य ज्या खटखटीत गेलं ती ऐकायला मिळाली नाही, तर त्यांचं बोलणं अर्धंच कळेल.

प्रश्न : म्हातारी माणसं ‘आमचं काय सांगायचं?’ म्हणून टाळतात. बोलली तरी दहा मिनिटांत संपतं. प्रश्न कसे विचारावेत? — युवक मंडळ, येळ्ळूर

पहिल्या भेटीत फोन काढूच नका. चहा घ्या, कोण कुणाचं ते समजून घ्या, गावांची आणि माणसांची नावं वहीत टिपून आणा. रेकॉर्डिंग दुसऱ्या भेटीत, एका बैठकीला तास ते दीड तास. त्यापुढे सांगणाराही थकतो आणि ऐकणाराही. एका माणसाला दोन-तीन बैठका धराव्यात, कारण पहिली बैठक झाली की रात्री अंथरुणावर त्यांना पुष्कळ आठवतं आणि ते दुसऱ्या बैठकीत येतं.

दहा मिनिटांत संपतं, कारण प्रश्नातच उत्तर असतं. ‘तेव्हा लई गरिबी होती ना?’ असं विचारलं की ‘होय, लई’ एवढंच मिळणार. त्याऐवजी ‘श्रावणात घरातलं धान्य संपलं की काय शिजायचं?’ असं विचारा. मग नाचण्याची आंबील येते, कोणाकडून उसनं आणलं ते येतं, परत करताना पायली कशी भरून द्यावी लागे तेही येतं. ‘कसं वाटलं?’ हा प्रश्न जितका कमी तितका चांगला. काय केलं, कोणी केलं, कशानं केलं, किती पैसे मिळाले, मग काय झालं, हे विचारत गेलं की काय वाटलं ते न विचारता कळतं.

सुरुवात जन्माच्या घरापासून करा. ‘दार कुठल्या दिशेला होतं? आत शिरलं की उजव्या हाताला काय? गोठा कुठं? चूल कुठं?’ माणूस मनातल्या मनात त्या घरात शिरतो आणि एकेका खोलीतली माणसं बाहेर येऊ लागतात. शक्य असेल तर कागदावर घर काढायला लावा आणि तो कागद जपून ठेवा.

दुसरा हमखास चालणारा मार्ग म्हणजे हातात वस्तू देणं. विणकराच्या हातात जुना धोटा, म्हणजे मागावर आडवा दोरा नेणारं लाकडी साधन, द्या. वर्षानुवर्षं हात लागून त्याचं लाकूड एका कडेला गुळगुळीत, काळसर झालेलं असतं. तिथे बोट ठेवून ‘हे इथंच का झिजलंय?’ म्हणून विचारा. मग कांड्या कोण भरायचं, ताणा कसा लावायचा, साडीला किती दिवस लागायचे, मजुरी कोण ठरवायचं, सगळं ओघाने येतं. ते हाताने करून दाखवायला लागले की तुम्ही ते तोंडाने सांगा : ‘आजोबा आता अंगठ्यानं दोरा दाबून पिळ देऊन दाखवतायत.’ हाताची हालचाल आवाजात येत नाही, तुम्ही बोललात तरच ती नोंदली जाते.

बायकांच्या बाबतीत ओवी विसरू नका. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांच्या पुढाकारातून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, त्यातलं बोलणं बहुतेक आई, भाऊ, सासर, शेत, पंढरी असं रोजच्या जगण्याचं आहे. ‘मला काही सांगता येत नाही’ म्हणणाऱ्या आजीला ‘दळताना काय म्हणायचात?’ एवढं विचारून बघा. एक ओवी आली की तिच्यामागची माणसं विचारता येतात.

उत्तर संपल्यासारखं वाटलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. मनात आठपर्यंत मोजा. खरी गोष्ट पुष्कळदा या शांततेनंतर येते. मधे मधे ‘हं, हं’, ‘बरोबर’ असं म्हणत राहिलात तर ते सगळं रेकॉर्ड होतं, म्हणून मान हलवा, डोळ्यांनी दाद द्या.

आणि प्रत्येक बैठक सुरू करताना तारीख, गाव, बोलणाऱ्याचं आणि विचारणाऱ्याचं पूर्ण नाव मोठ्याने सांगा. वही हरवली तरी आवाज कोणाचा ते फाइलमध्येच राहतं.

प्रश्न : बिडी वळणाऱ्या आणि तंबाखूच्या वखारीत कामाला गेलेल्या बायकांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत. पण घरातले पुरुष शेजारी बसतात आणि तेच उत्तरं देतात. — महाविद्यालयीन विद्यार्थिनी, निपाणी

दोघींनी जा. एकीने मावशींशी बोलायचं, दुसरीने घरातल्या पुरुषांना बाहेरच्या सोप्यात बसवून जुने फोटो, रेशनकार्ड, पीएफचे कागद, कामगार म्हणून मिळालेलं ओळखपत्र दाखवायला सांगायचं आणि त्यांचे फोटो घ्यायचे. हे नुसतं गुंतवून ठेवणं नाही. ते कागद खरोखरच लागतात, आणि तेही मनापासून दाखवतात. वेळ दुपारी जेवणं आवरल्यावरची.

पहिली दहा-पंधरा मिनिटं मावशींना मांडीवर सूप घेऊन वळू द्या. हात कामात असले की जीभ सैल होते. कातरीने पान कापल्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये आला तरी हरकत नाही. पण पुढे सलग बोलायचं तर काम थांबवावं लागतं, आणि बिडीची मजुरी हजारावर मिळते, म्हणजे दोन तास गेले की तेवढी मजुरी बुडाली. ती भरून द्यावी असं आमचं स्पष्ट मत आहे. देताना ‘हे वेळेचे पैसे’ असं सांगून द्या आणि बैठक सुरू होण्याआधी ठरवा. मागाहून दिलेले पैसे गोष्टीची किंमत केल्यासारखे वाटतात.

प्रश्न : वडील सांगतात ती वर्षं जुळत नाहीत. जन्मसालही कागदावर एक आणि त्यांच्या तोंडी दुसरं. — खानापूर

जुळणार नाहीतच. शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिलेली तारीख ही पुष्कळ घरांत अंदाजाची असते. मुलाखतीत त्यांना दुरुस्त करू नका. एकदा ‘नाही बाबा, ते साल चुकलं’ म्हटलं की पुढे माणूस जपून बोलायला लागतो. ते सांगतात तसं राहू द्या आणि साल तुम्ही मागाहून खुणांवरून काढा.

आपल्या भागासाठी उपयोगी खुणांची यादी मुलाखतीला जाताना खिशात ठेवा. १९४६ साली बेळगावात भरलेलं साहित्य संमेलन, जिथे संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. १ नोव्हेंबर १९५६, बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं तो दिवस. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे. डिसेंबर १९६१ मध्ये गोव्याच्या मुक्तीसाठी बेळगावात जमलेलं लष्कर. खानापूर-लोंढ्याच्या बाजूला लष्करी गाड्या पाहिलेली माणसं अजून भेटतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप. १९७२ चा दुष्काळ. १९८१ चं निपाणीचं तंबाखू उत्पादकांचं आंदोलन. ऑगस्ट २०१९ चा महापूर. ‘भूकंप झाला तेव्हा तुमचं लग्न झालं होतं का? मांडीवर कोण होतं?’ असं विचारलं की साल दोन-तीन वर्षांच्या आत येतं.

मजुरी आण्यांत सांगितली तर ती १९५७ च्या आधीचीच असेल असं मात्र धरू नका. पंचवीस पैशांना चार आणे म्हणणं पुढे कितीतरी वर्षं चालू होतं. ‘रुपयाचे किती आणे? आणि आण्याचे किती पैसे मोडून मिळायचे?’ हे विचारा. आण्याला चार पैसे म्हणाले तर जुना काळ, सहा म्हणाले तर नवा.

आणखी एक काळजी. वडिलांनी स्वतः पाहिलेलं आणि त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं वेगळं ओळखा. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसला गांधीजी अध्यक्ष होते, त्याची आठवण आज कोणी सांगितली तर ती ऐकलेलीच असणार. ऐकलेलंही मोलाचं आहे, फक्त वहीत त्यापुढे ‘ऐकीव’ असं लिहा. जमिनीचा जुना उतारा, शाळा सोडल्याचा दाखला, लष्करातलं डिस्चार्ज बुक मिळालं तर फोटो घ्या. मोडीतले कागद वाचता येत नाहीत म्हणून टाकून देऊ नका, ते वाचणारी माणसं अजून आहेत.

प्रश्न : आपल्याच माणसांकडून सही काय घ्यायची? परकेपणा वाटतो. — शहापूर

परकेपणा वाटतो हे खरं, पण सही न घेतल्याचा त्रास माणूस गेल्यानंतर सुरू होतो. आजींचं बोलणं पुस्तकात घ्यायचं म्हटलं की एक मुलगा हो म्हणतो, दुसरा नाही, आणि सगळं काम कपाटात पडून राहतं. भारतात साहित्यकृतीवरचा हक्क लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं टिकतो. त्यामुळे तुमच्या मागून हे काम हाती घेणाऱ्यालाही ‘परवानगी कोणी दिली होती?’ या प्रश्नाचं उत्तर लागणारच.

एक पान पुरतं. कोण रेकॉर्ड करतंय, कशासाठी, फाइल कुठे राहणार, कोण ऐकू शकणार, आणि मन बदललं तर कोणाला सांगायचं, हे साध्या मराठीत. बोलणाऱ्याची भाषा कन्नड असेल तर कन्नडमध्ये. ऐकण्याबाबत चार पर्याय द्या : सगळ्यांना खुलं, नाव बदलून खुलं, अमुक वर्षांनी खुलं, फक्त घरच्यांसाठी. लिहिता येत नसेल तर पान वाचून दाखवताना रेकॉर्डिंग चालू ठेवा, त्यांचं ‘होय, चालतंय’ आवाजात येऊ द्या, आणि अंगठ्याशेजारी घराबाहेरच्या एका साक्षीदाराची सही घ्या. एक प्रत त्यांच्याकडे ठेवा.

पर्यायावर खूण मात्र बोलून झाल्यावर करून घ्या. आपण काय काय बोललो हे आधी कोणालाच ठाऊक नसतं.

प्रश्न : आमच्या गावात सीमालढ्यात तुरुंगात गेलेली, मार खाल्लेली माणसं आहेत. बोलताना ती रडतात, काही वेळा कोणाचं नाव घेऊन आरोप करतात. ते ठेवावं का? — कडोली

रडू आलं तर लगेच फोन बंद करू नका आणि लगेच धीराचे शब्दही बोलू नका. पाणी पुढे करा, थांबा, आणि शांतपणे विचारा : ‘थांबायचं का, की पुढं सांगताय?’ निर्णय त्यांचा. १९५६ असो, निपाणीचा १९८१ चा गोळीबार असो, की १९८६ चं कन्नडसक्तीविरोधी आंदोलन, ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना ‘ते कसं गेलं’ हे विचारण्याआधी ‘ते कसे होते’ हे विचारा. अशी बैठक संपल्या संपल्या उठून जाऊ नये. फोन बंद करून अर्धा तास बसा, शेताचं, नातवंडांचं बोला. दुसऱ्या दिवशी एक फोन करा.

जिवंत माणसावरचे आरोप, भाऊबंदकीतले जमिनीचे वाद, कोणाच्या घरातली आजारपणं, हे मूळ फाइलमध्ये जसंच्या तसं ठेवा, पण मूळ फाइल बंद ठेवा. लोकांना ऐकवायच्या प्रतीतून तो भाग काढा आणि ‘इथे दोन मिनिटं वगळली आहेत’ असं लिहा. गुपचूप कापलेल्या रेकॉर्डिंगवर पुढे कोणी विश्वास ठेवत नाही.

या लढ्याच्या आठवणी एकाच बाजूच्या घेऊन थांबू नका, ही आमची कळकळीची विनंती. त्याच गल्लीत कन्नड, उर्दू, कोकणी बोलणारी माणसं त्या दिवशी काय करत होती हेही विचारा. ज्या शेजाऱ्याने रात्री दार उघडलं त्याची गोष्ट पुष्कळदा तिथेच सापडते.

प्रश्न : लिहून काढताना बोली शुद्ध करावी का? मधे मधे कन्नडही येतं. — बेळगुंदी

शुद्ध करू नका. ‘काय करूलास?’ याचं ‘काय करतो आहेस?’ केलं की बोलणारा माणूस पानावरून निघून गेला. ‘होय की ओ’, ‘लई’, ‘बगा’ हे सगळं तसंच हवं. वाचायला जड जाईल अशी भीती असेल तर दोन प्रती करा : एक उच्चाराप्रमाणे, हीच मूळ समजायची, दुसरी वाचनासाठी, जिच्यात नुसती अडखळणी आणि पुनरुक्ती काढायची, शब्द बदलायचे नाहीत.

कन्नड वाक्यं कन्नड जाणणाऱ्याकडून कन्नड लिपीतच लिहून घ्या आणि खाली मराठी अर्थ द्या. आपल्या लिपीत कन्नडातला ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ नेहमीच्या लेखनात दाखवता येत नाही. ऱ्हस्व ओकाराचं ‘कॊडु’ म्हणजे दे, आणि दीर्घ ओकाराचं ‘कोडु’ म्हणजे शिंग. साध्या मराठी लेखनात दोन्ही सारखीच दिसतात. देवनागरीतच लिहायचं असेल तर ऱ्हस्वासाठी ऎ आणि ऒ ही चिन्हं वापरा.

वेळेचा अंदाज आधीच घ्या. एका तासाचं रेकॉर्डिंग शब्दशः लिहायला सरावलेल्या माणसालाही सहा ते आठ तास लागतात. बरेच गट पाच-सहा मुलाखतींनंतर इथेच अडतात आणि सगळंच सोडतात. म्हणून आधी शब्दशः लिहायला बसू नका, आधी अनुक्रमणिका करा. रेकॉर्डिंग ऐकत दर दोन-तीन मिनिटांनी एक ओळ : ‘१२:४० पहिला माग, त्यासाठी कर्ज. १५:१० सुताचा भाव वाढला, दोन महिने माग बंद. १८:०५ बहिणीचं लग्न, वऱ्हाड बैलगाडीने.’ हे तासाला दोन-अडीच तासांत होतं आणि ऐकणाऱ्याला हवं ते सापडतं. शब्दशः लेखन मग सवडीने, निवडक भागांचं.

फोनवरचं आपोआप टायपिंग प्रमाण मराठीला बऱ्यापैकी चालतं. आपल्या बोलीत ते गावांची नावं, आडनावं आणि क्रियापदं हमखास चुकवतं, आणि चुकलेलं वाक्य इतकं गुळगुळीत असतं की नुसतं वाचून चूक दिसत नाही. वापरायचं तर वापरा, पण प्रत्येक ओळ कानाने तपासून. विशेषनावं त्या माणसाकडूनच वहीत लिहून घेतलेली बरी.

प्रश्न : आजोबांच्या भजनाच्या आणि गप्पांच्या जुन्या कॅसेट आहेत. काहींवर पांढरं दिसतंय. — संकेश्वर

पांढरी भुकटी म्हणजे बुरशी. ती कॅसेट लावू नका, गुंडाळूही नका. बुरशी प्लेअरमधून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. वेगळ्या पिशवीत बंद करा आणि हे काम करणाऱ्याकडे द्या.

बाकीच्यांसाठी सगळ्यात आधी पाठीच्या कडेचे दोन प्लास्टिकचे तुकडे मोडा, म्हणजे चुकून त्यावर काही रेकॉर्ड होणार नाही. फीत वाजवण्याआधी एकदा शेवटापर्यंत आणि परत गुंडाळून घ्या. मधल्या खिडकीत फितीमागे नमद्याची छोटी गादी असते, ती निखळलेली असेल तर आवाज दबका येतो. तेव्हा पूर्ण फीत दुसऱ्या चांगल्या खोक्यात बदलावी लागते. प्लेअरचं हेड, म्हणजे फीत जिथे टेकते तो धातूचा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने पुसून घ्या.

लॅपटॉपच्या माइकच्या भोकात प्लेअरची वायर थेट घातली तर आवाज फाटतो, कारण ते भोक फार बारीक आवाजासाठी असतं. मध्ये छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे प्लेअरचा आवाज लॅपटॉपला नीट पोचवणारी डबी, घ्या आणि ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये एक बाजू न थांबवता पूर्ण उतरवा. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटं. खरखर काढायची असेल तर प्रतीवर काढा, मूळ उतरवलेली फाइल तशीच ठेवा. कॅसेट टाकू नका.

प्रश्न : हे सगळं ठेवायचं कुठं? — निलजी

हिशेब आधी. चाळीस माणसांचे दीड-दीड तास म्हणजे ६० तास, वर सांगितल्याप्रमाणे सुमारे ३१ जीबी. गुगलची फुकट जागा १५ जीबी, म्हणजे ती पुरत नाही. पण एक टीबीच्या डिस्कमध्ये हे कोपऱ्यात मावतं.

तीन प्रती हव्यात : दोन वेगवेगळ्या डिस्कवर आणि एक गावाबाहेर, इंटरनेटवर किंवा कोल्हापूर-पुण्यातल्या खात्रीच्या माणसाकडे. पेन ड्राइव्ह ने-आण करायला. वर्षानुवर्षं न वापरता ठेवला तर त्यातला मजकूर पुसट होऊ शकतो. डिस्क दर सहा महिन्यांनी जोडून दोन-चार फाइली वाजवून बघा आणि साधारण पाच वर्षांनी नवी घ्या. जुलैत आपल्याकडे कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, म्हणून डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह, आणि जमिनीपासून उंच. २०१९ च्या पुरात खालच्या कप्प्यातले कागद आधी गेले.

फाइलच्या नावात तारीख, गाव, माणसाचा क्रमांक आणि बैठक एवढंच, तेही इंग्रजी अक्षरांत आणि मधे जागा न सोडता. देवनागरी नावं काही यंत्रांवर चौकोन होतात. तारीख वर्षापासून सुरू करा म्हणजे फाइली आपोआप क्रमाने लागतात. पूर्ण माहिती वहीत आणि तक्त्यात : नाव, वय, गाव, काम, भाषा, कोणी विचारलं, परवानगी कोणती, अनुक्रमणिका झाली का.

लेखन झालेल्या मुलाखतींची छापील प्रत बांधून वाचनालयात द्या. गावचं वाचनालय, बेळगावचं १८४८ पासूनचं सार्वजनिक वाचनालय, जवळचं महाविद्यालय. देण्याआधी त्यांच्याकडून ‘अमुक क्रमांकाने दाखल’ असं लेखी घ्या. आणि घरातल्या एकाच मुलाच्या फोनमध्ये सगळं, असं कधीही नको. सगळ्यात जास्त रेकॉर्डिंगं फोन बदलताना जातात.

प्रश्न : व्हिडिओ घ्यावा का? — अनगोळ

हस्तकौशल्य दाखवायचं असेल तर त्या दहा मिनिटांचा घ्या. बाकी बोलणं आवाजातच. कॅमेरा लागला की आजी साडी बदलून, केस विंचरून, ताठ बसून बोलतात, आणि बोलणंही तसंच ताठ होतं.

प्रश्न : ज्यांचं रेकॉर्डिंग केलं त्यांना काय द्यायचं? त्यांच्याकडे संगणक नाही. — कारदगा

पुष्कळ घरांत भजनं, अभंग लावायला मेमरी कार्डाचा छोटा स्पीकर असतो. तोच वापरा. रेकॉर्डिंगची एमपीथ्री प्रत करा. १२८ केबीपीएसला दीड तासाचे ८५-९० एमबी होतात. ३२ जीबीपर्यंतचं कार्ड घ्या आणि ते एफएटी-३२ मध्ये फॉरमॅट करा, नाहीतर बरेच स्पीकर ते ओळखत नाहीत. अशा बऱ्याच स्पीकरवर आवाज पुढे सरकवता येत नाही, नुसती पुढची फाइल लावता येते. म्हणून दहा-दहा मिनिटांचे तुकडे करा, नावं ०१, ०२, ०३ अशी द्या, आणि पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून स्पीकरला बांधा : ०१ जन्माचं घर, ०२ शाळा, ०३ पहिली मजुरी, ०४ लग्न.